गाडी मिसिंग मारायली म्हणून लगेच कॉईल बदलू नका

आयटीआयला मोटर मेकॅनिकचा २ वर्षांचा ट्रेड करून मी सोलापुरात होटगी रोडच्या बाजूला एका गॅरेजात लागलो, तेव्हा मला वाटायचं स्कॅनर लावला, कोड वाचला की निम्मं काम झालं. आता आमच्याकडं नवीन पोरं येतात त्यांचंही तेच असतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मे महिना होता, पत्र्याच्या शेडखाली उभं राहवत नव्हतं. एक काका अक्कलकोटला दर्शन करून येताना वळसंगच्या अलीकडं गाडी झटके मारायला लागली, पिकअप गेला, कसेबसे आमच्यापर्यंत पोचले. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत होता. स्कॅनरला पी०३०२, म्हणजे २ नंबरचा सिलेंडर मिस, त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. मी लगेच सांगून टाकलं, प्लगला ठिणगीचा करंट देणारी कॉईल गेली. काकांनी नवीन आणली, मी बसवली, दहा मिनिटं गाडी मख्खन चालली आणि परत तेच. इलेक्ट्रिकचा माल दुकानदार परत घेत नाही, काकांचे दोन हजाराच्या वर पैसे गेले होते आणि ते माझ्याकडं बघत गप्प उभे होते.

उस्ताद आले आणि एवढंच विचारलं, "प्लग काढून बघितलास का बे?"

नव्हता बघितला. काढला, तर प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरून खाली एक काळी रेघ, पेन्सिलनं ओढल्यासारखी बारीक. प्लगच्या खड्ड्यात पांढरा क्षार साचलेला आणि तळाला गंज. काकांना विचारलं तर म्हणाले, दर्शनाला जायचं म्हणून आदल्या दिवशी बॉनेट उघडून बोअरच्या पाण्यानं इंजिन धुतलं होतं. पाणी खड्ड्यात उतरलं, मग करंट गॅपमध्ये ठिणगी पाडायचं सोडून त्या ओलीवरनं बाहेरच्या बाहेर बॉडीला जायला लागला आणि जाता जाता कार्बनची वाट करून गेला. तशीच रेघ जुन्या कॉईलच्या, प्लगवर बसणाऱ्या रबरी बूटच्या आतपण होती. आणि मी त्याच जुन्या प्लगवर नवीन कॉईल बसवलेली, म्हणजे नवीन बूटलाही डाग पडायला सुरुवात झाली होती. प्लग आणि बूट दोन्ही एकत्रच बदलायचे असतात, एक ठेवला की तो दुसऱ्याला खातो. पाचशेच्या आत होणारं काम होतं ते. काकांचं ते नुकसान अजून माझ्या डोक्यातनं गेलेलं नाही.

तर कोड काय सांगतो? फक्त कुठला सिलेंडर काम करत नाही एवढंच. क्रँक सेन्सर प्रत्येक फायरिंगला क्रँकचा, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याचा वेग बघतो, एखाद्या सिलेंडरच्या वेळेला वेग पडला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, नोंद करतो. का पडला ते त्याला कळत नाही, ते आपण शोधायचं. कोड पी०३००, म्हणजे कुठलाही सिलेंडर कधीही मिस, असा आला असेल तर एका सिलेंडरवर बोटच ठेवू नका, आधी व्हॅक्यूम पाईप कुठं फाटलाय का, पेट्रोलचं प्रेशर किती येतंय, हे बघा.

स्पॅनर उचलायच्या आधी गिऱ्हाईकाला विचारा. थंड असताना मारते का गरम झाल्यावर, एसी लावल्यावर का चढावर, पावसानंतर का धुतल्यानंतर, सीएनजीवरच का पेट्रोलवरपण. सीएनजीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळं कमजोर प्लग तिथं आधी उघडा पडतो आणि पेट्रोलवर तीच गाडी ठीक वाटते, आणि लोक उगाच सीएनजी किटला दोष देत बसतात.

मग अदलाबदल. २ नंबरची कॉईल ३ वर, ३ ची २ वर, कोड क्लिअर करून राउंड मारा. आता पी०३०३ आला तर कॉईल नाहीतर तिचा बूट खराब, हा पक्का पुरावा. कोड २ वरच राहिला तर प्लगची अदलाबदल करा, मग पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची. एका वेळी एकच गोष्ट हलवा, नाहीतर कशामुळं फरक पडला तेच कळत नाही. वायरिंगवरनं हात फिरवून बघा, उंदरांनी कुरतडलेली वायर मी किती वेळा बघितलीय. चालू इंजिनवर कॉईल ओढून ठिणगी बघायचा नाद मात्र करू नका, जोरात झटका बसतो.

एवढं करून पण सिलेंडर मेलेलाच असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब तपासा. इंजेक्टर आणि कॉईल दोन्हीचे सॉकेट काढा, प्लग काढून त्या जागी गेज लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा. चांगल्या पेट्रोल इंजिनला साधारण १५० ते २०० पीएसआय दिसतं, पण आकड्यापेक्षा चारही सिलेंडरमधला फरक बघा. एकच पडला असेल तर त्यात चमचाभर ऑईल सोडून परत घ्या. वाढलं तर पिस्टनची रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट. इथवर आलात की एकट्यानं निर्णय घेऊ नका, उस्तादला बोलवा.

दिवा लुकलुकतोय म्हटल्यावर गाडी पळवायची नाही हे गिऱ्हाईकाला फोनवरच सांगा. न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं पेटतं आणि आतली जाळी वितळते, त्याचा खर्च प्लगच्या कितीतरी पट आहे.

प्लग बसवताना इंजिन थंड पाहिजे, हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरममध्ये आटे सोलून येतात. प्लग काढायच्या आधी खड्ड्यात हवा मारा, नाहीतर सगळा कचरा सिलेंडरमध्ये. सुरुवातीचे आटे रबरी पाईपनं हातानंच फिरवायचे, अडलं की मागं घ्यायचं. टेकल्यावर वॉशरवाल्या नवीन प्लगला पान्यानं अर्धा फेरा, फार तर थोडा जास्त. वॉशर दबताना पान्यातनं हाताला लागतं, ते ओळखायला आमचे उस्ताद आम्हाला डोळे मिटून प्लग बसवायला लावायचे.

शेवटी एसी लावून, दोघं बसवून चढावर राउंड मारा, स्कॅनरच्या लाईव्ह डेटात मिसफायरचा आकडा शून्यावर राहतोय का बघा. आणि जुना प्लग फेकू नका, गिऱ्हाईकाच्या हातात द्या आणि ती काळी रेघ दाखवा.