सोलापुरातून टँकरवर जायचं असेल तर

मी टँकरवर, म्हणजे तेलवाहू जहाजावर, काम करतो. सुट्टीवर आलो की बारावी झालेली दोन-चार पोरं घरी येतात. पहिला प्रश्न पगाराचा. मी विचारतो, रंग नीट ओळखता येतात का? रंगांधळेपणा असेल तर डेकवर, म्हणजे जहाज चालवायच्या शाखेत, प्रवेशच नाही. तेव्हा आधी डीजी शिपिंग या सरकारी जहाज खात्याच्या मान्यतेच्या डॉक्टरकडे जा, क्लासची फी नंतर. बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्समध्ये सरासरी ६० टक्के, इंग्रजीत दहावी किंवा बारावीला ५०, मग आयएमयू-सीईटी ही सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. जहाजावर लावतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका. असे पैसे घेणं बेकायदा आहे. माझे चाळीस हजार असेच बुडाले.

कॅडेटचं, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्याचं, काम म्हणजे हमालीच. तेल भरण्याआधी डेकवरची पाणी जायची भोकं प्लग मारून बंद करायची, म्हणजे सांडलं तरी समुद्रात जात नाही. गंज खरवडायचा, रंग द्यायचा, लॅशिंग, म्हणजे सामान बांधलेले दोर, बघायचं.

पहिल्याच जहाजावर मागच्या डेकला बांधलेल्या जादा पाइपांचा एक दोर मला ढिला दिसला. कॅडेटचं कोण ऐकतंय म्हणून गप्प बसलो. सकाळी बोसननं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, तो पाहिला आणि माझी बिनपाण्यानं केली. चीफ ऑफिसर ओरडला नाही. त्यानं ‘ब्रेअर’ या टँकरचा चौकशी अहवाल हातात ठेवला.

जानेवारी १९९३. नॉर्वेहून कॅनडाला सुमारे ८५,००० टन कच्चं तेल चाललेलं. वादळात डेकवरचे जादा पाइप सुटले, इकडून तिकडे आपटत त्यांनी इंधन टाकीचे एअर व्हेंट, म्हणजे हवा जायच्या नळ्या, तोडले. डिझेलमध्ये खारं पाणी शिरलं, इंजिन बंद. वाऱ्यानं जहाज ढकलत नेलं आणि ५ तारखेला स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांच्या खडकावर बसवलं. माणसं सगळी वाचली. तेल मात्र गेलं. हलकं होतं आणि लाटा प्रचंड, म्हणून बरंचसं पाण्यातच विरलं. तरी तिथली मासेमारी बंद ठेवावी लागली.

वाचताना लाज वाटली ती वेगळ्याच कारणानं. आमचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून चादरींचे गठ्ठे टेम्पोत भरून पाठवायचे. दोर आवळला की मला वर चढवून सांगायचे, लोंबकळून बघ. दहा वर्षांचा असताना जे करत होतो, तेच जहाजावर केलं नाही.

आता राउंडला गेलो की प्रत्येक दोर हातानं ओढतो. ढिला निघाला तर रात्री दोनलाही ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथं, फोन लावतो. शिव्या पडतात कधीकधी.