समुद्रात पॅनल टांगताय? आधी या चुका टाळा

खानदेशातली प्राणिशास्त्राची मुलं प्रकल्पासाठी समुद्राकडे निघाली की बहुतेकांचा विषय ठरलेला असतो: पाण्यात बुडालेल्या पृष्ठभागावर कोणते जीव चढतात. त्यासाठी पाण्यात छोट्या सपाट पाट्या टांगून ठेवतात, त्यांनाच पॅनल म्हणतात. विषय मोलाचा आहे. हे जीव जहाजाच्या तळाला चिकटतात, किनाऱ्यावरच्या वीजकेंद्रांचे थंड पाण्याचे नळही अडवतात. पण समुद्र लांब, सुट्टी थोडी, म्हणून घाई होते आणि दरवर्षी त्याच चुका समोर येतात.

सगळ्यात महागात पडते ती पॅनल नळाखाली धुण्याची सवय. गोडं पाणी लागलं की हायड्रॉइडसारखे (फांद्यांसारखे वाढणारे, जेलीफिशचे नातेवाईक) मऊ जीव फुगून फाटतात. बार्नेकल, म्हणजे पृष्ठभागाला घट्ट चिकटून राहणारा कवचवाला जीव, झडपा मिटून तग धरतं. मग यादीत कवचवालेच उरतात आणि निष्कर्षही तसाच निघतो.

एका विद्यार्थ्याने मुंबईच्या जेटीवरून पॅनल काढले, नळाखाली स्वच्छ धुतले, प्लास्टिकच्या पिशवीत बांधले आणि रात्रीच्या गाडीने जळगावला आणले. मे महिना होता. पिशवी उघडली तेव्हा प्रयोगशाळेत उभं राहवेना. कवचांच्या आतलं सगळं सडलेलं. त्याने तरी प्रामाणिकपणे मोजणी केली आणि वहीत लिहिलं, ‘मृत बार्नेकलांचं प्रमाण फार जास्त.’ समुद्रात मेलेलं कोणतं आणि गाडीत मेलेलं कोणतं, हे आता कोण सांगणार? पोरगा मेहनती होता, म्हणून जास्त जीव तुटला.

तेव्हापासून माझा आग्रह एकच: मोजणी किनाऱ्यावरच उरका. ट्रेमध्ये तिथलंच समुद्राचं पाणी घ्या, पॅनल त्यात ठेवा आणि शांत बसा. जिवंत बार्नेकल थोड्या वेळाने झडप उघडून पायांचा पंखा हलवू लागतं. फोटो तेव्हाच काढा. नमुने टिकवायचे तर किनाऱ्यावरच्या एखाद्या कॉलेजला विनंती करून तिथेच टिकवा. फॉर्मॅलिनची, म्हणजे नमुने टिकवायच्या विषारी द्रावणाची, बाटली घेऊन रेल्वेत बसू नका.

फॉर्मॅलिनचं गणितही हमखास चुकतं. बाजारातल्या फॉर्मॅलिनमध्ये फॉर्माल्डिहाइड ३७ ते ४० टक्केच असतं. चार टक्के द्रावण हवं तर एक भाग फॉर्मॅलिन आणि नऊ भाग गाळलेलं समुद्राचं पाणी. मुलं चार मिलिलिटर फॉर्मॅलिन शंभरात घालतात आणि नमुना कुजला की बाटलीला दोष देतात. बोरॅक्स घालायला विसरू नका, नाहीतर आम्लामुळे चुन्याची कवचं झिजतात.

दुसरी चूक मला खरोखर अस्वस्थ करते. पहिल्या पाहणीत पॅनलवर नुसता बुळबुळीत थर दिसतो. ‘सर, काहीच आलं नाही,’ म्हणत मुलं तो बोटाने पुसून टाकतात. अरे, तोच तर सुरुवातीचा पाहुणा! काही तासांत जिवाणू येतात, मग डायटम (एकपेशीय सूक्ष्म शैवाल), आणि त्या थरावरून बार्नेकलसारख्या जीवांच्या पोहणाऱ्या अळ्या बसायची जागा निवडतात. हायड्रॉइडीस एलिगन्स (नाव सारखं असलं तरी हा हायड्रॉइड नव्हे) या नळीत राहणाऱ्या किड्याची अळी तर असा थर असल्याशिवाय सहसा बसतच नाही. तुम्ही पुसलंत की प्रयोग पुन्हा शून्यावर. पॅनल कडेनेच धरायचं, पृष्ठभागाला बोट लावायचं नाही.

जुनं पॅनल खरवडून पुन्हा वापरू नका. बार्नेकलाचा तळ चिकटून राहतो आणि त्याच जातीच्या नव्या अळ्यांना बोलावतो.

एकाच चौकटीवर पाच पॅनल बांधून ‘पाच पुनरावृत्त्या’ म्हणणं म्हणजे एकाच घडातली केळी मोजून अख्ख्या बागेचं उत्पादन सांगणं. चौकटी वेगवेगळ्या टांगा.

जानेवारीत तीन आठवडे पॅनल ठेवून ‘वर्षभराचा क्रम’ लिहू नका. पावसाळ्यात खाडीची क्षारता कोसळते आणि पॅनलवरची वस्तीच बदलते. वेळ नसेल तर प्रश्न लहान घ्या. लहान प्रश्नाला मी कधीच कमी गुण दिलेले नाहीत.

मार्करने नंबर लिहू नका, कडेला खाचा पाडा.

आणि निघण्याआधी परवानगी काढून जळगाव जिल्ह्यातल्या हतनूरच्या जलाशयात काचेच्या स्लाइड टांगा. तिथे बार्नेकल मिळणार नाही, शेवाळ आणि डायटम मिळतील. पण दोरी, वजन, खूण आणि मोजणी यांचा हात तिथे बसतो. पाणी उतरलं की स्लाइड उघडी पडते, हेही तिथेच दिसेल. भरती-ओहोटीच्या किनाऱ्यावर पॅनल किती खोल टांगायचं, याचा विचार तिथूनच सुरू करा.