अलाइनमेंट स्टिक: वावरात आणि गच्चीवर गोल्फचा नेम कसा बसवायचा

गोल्फमध्ये चेंडूच्या मागे नाही, बाजूला उभं राहून मारायचं असतं. सगळी गडबड तिथूनच सुरू होते. मान वळवून डाव्या खांद्यावरून भोकातला झेंडा दिसला की वाटतं, आपण बरोबर झेंड्यावर रोखलेलो आहोत. प्रत्यक्षात खांदे आणि पावलं झेंड्याच्या उजवीकडे गेलेली असतात. मग हात आपोआप चेंडू डावीकडे ओढतात, क्लब (चेंडू मारायचा दांडा) बाहेरून आत कापत येतो आणि स्लाइस लागतो, म्हणजे चेंडू हवेत उजवीकडे वळतो. माणूस महिनोन्‌महिने स्विंग (क्लब फिरवण्याची ढब) दुरुस्त करत बसतो आणि चूक पावलांत राहते. म्हणून अलाइनमेंट स्टिकचं, म्हणजे दिशा दाखवायला जमिनीवर टाकायच्या काठीचं, पहिलं काम स्विंग सुधारणं नाही, तुमच्या डोळ्यांची चूक दाखवणं आहे. (इथलं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलंय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून घ्यावं.)

चूक किती महाग पडते त्याचा हिशोब सोपा आहे. नेम १ अंशाने चुकला तर १५० मीटरवर चेंडू सुमारे २.६ मीटर बाजूला जातो. ५ अंशांनी चुकला तर १३ मीटर, म्हणजे बहुतेक वेळा ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) बाहेरच. आणि ५ अंश नुसत्या डोळ्यांना कळत नाहीत.

काठ्या कुठून आणायच्या

तयार स्टिक फायबरग्लासची, साधारण १२० सेंटीमीटर लांब आणि ६ ते ८ मिलिमीटर जाडीची असते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे गोल्फचं दुकान शोधत बसण्यापेक्षा शेतीच्या दुकानात चौकशी करावी. झटका मशीनच्या कुंपणाला लागणाऱ्या फायबरच्या काठ्या काही ठिकाणी मिळतात, त्या चालतात. तेही नाही तर वायरिंगचा पीव्हीसी पाइप घ्या. ३ मीटरच्या एका नळीत १२० सेंटीमीटरचे दोन तुकडे बसतात आणि उरलेला ६० सेंटीमीटरचा तुकडा चेंडूची जागा ठरवायला उपयोगी पडतो. फक्त हा पाइप मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या टपावर ठेवू नका, वाकतो, आणि वाकडी काठी नसलेलीच बरी. ठिबकची नळी तर घेऊच नका. ती बंडलातून निघते ती गुंडाळी विसरतच नाही. केळीच्या टेकूचा बांबू चिरून केलेली काठी जमिनीत रोवायला चांगली, पण आडवी टाकून रेघ म्हणून वापरायची तर सरळ पेर निवडून घ्यावं लागेल.

फायबरग्लासची काठी वर्षभर उन्हात राहिली की वरचा थर झिजतो आणि काचेचे बारीक तंतू उघडे पडतात. ते तळहातात शिरले की दिसत नाहीत, नुसते टोचत राहतात. काठीवर पांढरट रखरखीतपणा आला तर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर टाकून द्या.

पहिली मांडणी: रुळासारख्या दोन समांतर रेघा

चेंडूच्या मागे, टार्गेटकडे तोंड करून उभे राहा. टार्गेट नेमकं ठरवा. ‘त्या बाजूला’ म्हणून चालणार नाही. बाभळीचं एक झाड, टॉवरचा एक पाय, असं काहीतरी हवं. आता चेंडूच्या पुढे अर्ध्या-पाऊण मीटरवर त्याच रेषेत एखादा खडा किंवा वाळलेलं पान हेरा. अमेरिकेचा दिग्गज गोल्फर जॅक निकलस प्रत्येक फटक्याआधी हेच करायचा, कारण दूरच्या झाडापेक्षा जवळच्या खड्यावर नेम धरणं सोपं. चेंडू आणि खडा यांच्या रेषेला समांतर, चेंडूच्या पलीकडे सुमारे १५ सेंटीमीटरवर पहिली काठी टाका. दुसरी काठी पायांच्या बोटांपाशी. चेंडूपासून बोटांपर्यंतचं अंतर ७ नंबरच्या आयर्नला (मधल्या अंतराचा लोखंडी क्लब) साधारण ५५ ते ६० सेंटीमीटर भरतं, ड्रायव्हरला (सर्वांत लांब मारायचा क्लब) त्याहून जास्त.

दोन काठ्या समांतर आहेत की नाही हे डोळ्यांवर सोडू नका, टेपने मोजा. दोन्ही टोकांशी मधलं अंतर सारखं हवं. १२० सेंटीमीटरच्या काठीत एका टोकाला १ सेंटीमीटरचा फरक पडला तरी जवळजवळ अर्धा अंश गेला, म्हणजे १५० मीटरवर सव्वा मीटर.

मग उभे राहा आणि आधी पावलं, मग गुडघे, मग कंबर, शेवटी खांदे बघा. पावलं काठीला लावणं सगळ्यांना जमतं, खांदे मात्र उघडे, म्हणजे टार्गेटच्या डावीकडे वळलेले, राहतात, कारण उजवा हात ग्रिपवर खाली असतो आणि तो धरताना उजवा खांदा पुढे येतो. तपासायला तिसरी काठी दोन्ही हातांनी छातीवर आडवी धरा आणि खाली बघा. ती जमिनीवरच्या काठीला समांतर दिसली पाहिजे.

जाळीत मारणाऱ्यांनी इथे थांबावं

खान्देशात रोजचा सराव बहुतेकांना गच्चीवर किंवा अंगणात जाळी बांधूनच करावा लागतो, आणि जाळीत एक फसवणूक हमखास होते. मैदानावर १५० मीटरवरच्या झेंड्यावर दोन्ही काठ्या रोखल्या तरी फरक पाव अंशाच्या आत असतो, चालून जातं. पण जाळी ३ मीटरवर असते. जाळीवरच्या एकाच खुणेकडे चेंडूची रेषा आणि पावलांची रेषा दोन्ही रोखल्या तर ६० सेंटीमीटरच्या फरकाने तब्बल ११ अंशांचा कोन पडतो. असा सराव करून गोल्फ कोर्सवर गेलेला माणूस पहिल्याच टीवरून, म्हणजे सुरुवातीच्याच फटक्यात, झाडीत जातो. म्हणून जाळीवर दोन खुणा करा: चेंडूसाठी लाल चिंधी, आणि तिच्या डावीकडे ६० सेंटीमीटरवर पावलांसाठी पांढरी.

वावरात मारत असाल तर वेगळाच घोळ होतो. गहू-हरभरा निघाला की जमीन मोकळी असते, पण पिकाचे तास दिसत राहतात. टार्गेट तासांना थोडं तिरकं असलं की शरीर नकळत तासांशी समांतर होतं. कोर्सवर टी-बॉक्स (पहिला फटका मारायची जागा) फेअरवेपेक्षा (ग्रीनकडे जाणाऱ्या गवताच्या पट्ट्यापेक्षा) तिरका असला की हेच होतं, त्यामुळे हा सराव फुकट जात नाही. सुरुवातीला तासांच्या दिशेनेच मारा, मग मुद्दाम १५-२० अंश तिरकं टार्गेट घेऊन काठ्यांवर भरवसा ठेवायला शिका. समोर २०० मीटरपर्यंत माणूस, गुरं, कापूस वेचणारी बाई कुणी नाही हे बघितल्याशिवाय क्लब उचलू नये.

चेंडूची जागा

६० सेंटीमीटरचा तुकडा पावलांच्या काठीला काटकोनात ठेवा, चेंडूपासून सरळ तुमच्याकडे येणारा. वेजला (चेंडू उंच उडवायचा जवळचा क्लब) तो दोन टाचांच्या बरोबर मध्ये यावा, ७ नंबरला एक चेंडूभर डावीकडे, ड्रायव्हरला डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला. टाचांवरूनच मोजा. डावा पंजा बाहेर वळवून उभं राहण्याची सवय असते, त्यामुळे बोटांवरून पाहिलं तर चेंडू मागे गेल्यासारखा दिसतो आणि माणूस तो आणखी पुढे सरकवतो. मग चेंडूचं डोकं उडतं, म्हणजे क्लब चेंडूच्या फक्त वरच्या भागाला लागतो.

चेंडू निघतो कुठे

चेंडू कोणत्या दिशेने सुटतो हे मुख्यतः आघाताच्या क्षणी क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा सपाट भाग) कुठे बघतो त्यावर ठरतं. नंतर हवेत तो कुठे वळतो हे क्लबफेस आणि स्विंगचा मार्ग यांतल्या फरकावर. या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या नाहीत तर दुरुस्ती उलटी होते. साक्री पट्ट्यात पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. तिथल्या वाऱ्यात चेंडूचं वळण पाहून काहीच निष्कर्ष काढता येत नाही. पण पहिल्या अडीच मीटरांत वारा काही बिघडवू शकत नाही, म्हणून दिशा तिथेच तपासायची.

चेंडूपासून २.५ मीटरवर दोन काठ्या उभ्या रोवा, मध्ये २५ सेंटीमीटरचं अंतर ठेवून. यातून गेलेला चेंडू साधारण ३ अंशांच्या आत सुटला असं समजा. ७ नंबरचा चेंडू या अंतरावर छातीच्या खालीच असतो, त्यामुळे फाटक दिसतं. वेजचा चेंडू वरून निघून जातो, त्यासाठी फाटक दीड मीटरवर आणा आणि मधलं अंतर १५ सेंटीमीटर करा. चेंडू काठीवर आदळला तर कुठेही उडू शकतो, म्हणून एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोमचा पाइप काठ्यांवर घाला, अर्ध्या स्विंगने सुरुवात करा, आणि आजूबाजूला पोरं उभी करू नका. जाळी असेल तर काठ्यांचं कामच नाही, जाळीवर दोन चिंध्या पुरतात.

उन्हाळ्यात काळ्या जमिनीत काठी रुतत नाही आणि भेगेत घातली तर डुगडुगते. लोखंडी सळई हातोडीने १५ सेंटीमीटर ठोकून आधी भोक पाडा, किंवा तेलाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून त्यात काठी उभी करा. पावसाळ्यात रोवणं सोपं, पण चिखल बुटांना असा चिकटतो की उभं राहण्याची उंचीच बदलते. त्या दिवसांत गच्ची बरी.

फाटकातून चेंडू बरोबर जातो आणि तरीही पुढे उजवीकडे वळतो, असं झालं तर मार्ग बाहेरून आत आहे. त्यासाठी त्याच फोमचा ३० सेंटीमीटरचा तुकडा चेंडूच्या मागे २० सेंटीमीटरवर, टार्गेट लाइनच्या पलीकडे ७-८ सेंटीमीटर सोडून, रेषेला समांतर ठेवा. बाहेरून येणारा क्लब फोमला लागतो आणि आवाजावरूनच कळतं. इथे मूळ काठी वापरू नका. काठी तिरकी रोवून तिच्याखालून स्विंग करायचा प्रकार व्हिडिओंत फार दिसतो, पण प्रशिक्षक शेजारी नसताना तो करू नये असं आमचं मत आहे. कोन थोडा चुकला तर मनगटाला झटका बसतो किंवा काठी तुटून तिचं टोक उडतं.

जमिनीला क्लब कुठे लागतो

याला काठीपेक्षा रांगोळी सरस. टार्गेट लाइनला काटकोनात रांगोळीची एक मीटरभर रेघ ओढा, किंवा क्रिकेटच्या मैदानावरची फक्की वापरा. चेंडू न ठेवता रेघेवर स्विंग करा. आयर्नचा ओरखडा रेघेवर किंवा तिच्या पुढे, टार्गेटकडे, सुरू झाला पाहिजे. रेघेच्या मागे सुरू होत असेल तर वजन उजव्या पायावर राहतंय. दहाच्या दहा ओरखडे पुढे पडू लागले की रेघेवर चेंडू ठेवा. वाळून दगड झालेल्या जमिनीवर हे करू नका. क्लब उसळतो आणि कोपर धरतं. आदल्या संध्याकाळी दोन बादल्या पाणी मारून ठेवलं की सकाळी सहाला जमीन बरोबर वाफशावर असते, आणि तसंही आठनंतर जळगाव-भुसावळच्या उन्हात कुणी टिकत नाही.

चिपिंगमध्ये (ग्रीनजवळून मारायचा छोटा फटका) मनगट मोडण्याची खोड असेल तर काठी ग्रिपसोबत धरा, म्हणजे तिचं वरचं टोक डाव्या बरगडीच्या बाजूने वर निघेल. आघाताला मनगट मोडलं की काठी बरगडीला लागते. हळू मारा, जोरात लागली तर दिवसभर आठवण राहते.

पटिंग

पटिंग म्हणजे पटर नावाच्या क्लबने चेंडू घरंगळवत भोकात घालणं. इथे काठ्यांचा फायदा सर्वांत जास्त, आणि जागा खोलीभर पुरते. भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५४. पट १ अंशाने चुकला तर ३ मीटरवर चेंडू ५२ मिलिमीटर बाजूला जातो, म्हणजे जेमतेम कडेवर. त्यामुळे १ अंश ही मर्यादा धरून फाटक बांधायचं. चेंडूचा व्यास ४२.७ मिलिमीटर असतो. चेंडूपुढे ३० सेंटीमीटरवर ५३ मिलिमीटरचं अंतर ठेवून दोन खिळे किंवा काड्यापेट्या उभ्या करा. यातून न शिवता जाणारा चेंडू १ अंशाच्या आत आहे.

पटरच्या दोन्ही बाजूंना दोन काठ्या समांतर ठेवा, पटरच्या डोक्याच्या लांबीपेक्षा दीड सेंटीमीटर जास्त अंतराने. टोक आतल्या काठीला लागतं की बाहेरच्या, त्यावरून मार्ग कळतो. आधी जमीन तपासा. गच्चीला पाणी जायला उतार दिलेला असतो, आणि तो उतार तुमच्या पटला वळवतो. एक गोटी सोडून पाहा आणि उताराच्या दिशेनेच रेषा आखा. कोटा फरशीवर चेंडू फार पळतो, सतरंजीवर फार रखडतो. दिशेच्या सरावाला दोन्ही चालतात, अंतराच्या सरावाला एकही नाही.

काठ्या उचलायच्या कधी

काठ्या खाली असताना सगळेच सरळ उभे राहतात. म्हणून पाच चेंडू काठ्यांवर मारा, मग काठ्या बाजूला करा, नवं टार्गेट घ्या आणि नेहमीसारखे उभे राहा. आता न हलता क्लब पायांच्या बोटांपाशी आडवा ठेवा, मागे जा आणि बघा. क्लब टार्गेटच्या किंचित डावीकडे, समांतर दिसला तर ठीक. उजवीकडे दिसला तर पुन्हा पाच चेंडू काठ्यांवर. शंभर चेंडू सलग काठ्यांवर मारण्यापेक्षा हा चाळीस चेंडूंचा सराव जास्त कामाचा.

पुण्याला किंवा आणखी कुठे स्पर्धेत खेळायला गेलात तर स्टिक बॅगेत राहू द्यायला हरकत नाही. ती १४ क्लबांच्या मर्यादेत मोजली जात नाही. पण फेरी सुरू झाल्यावर ती बाहेर काढून नेम धरायला किंवा स्विंगच्या सरावाला वापरता येत नाही. नियम १०.२बी प्रमाणे नेम किंवा उभं राहणं ठरवायला जमिनीवर कोणतीही वस्तू ठेवली, मग तो क्लब असो, तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायचा खेळ) दोन फटक्यांचा दंड आणि मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायचा खेळ) ते होल गेलं. फटका मारण्याआधी वस्तू उचलून घेतली तरी दंड सुटत नाही. मागे जाऊन खडा हेरणं मात्र चालतं, फक्त तो खडा आधीपासून तिथे पडलेला हवा, तुम्ही आणून ठेवलेला नको.