घराच्या बांधकामातल्या सामानाची डिजिटल नोंद ठेवताय? या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातलं आमचं जुनं घर उतरवलं, तेव्हा सागवानी तुळया धडधाकट निघाल्या, मंगलोरी कौलंही बरीचशी वाचली. चिरे मात्र निम्म्याहून जास्त फुटले. मूळ भिंती चुन्यात होत्या, पण मधल्या काळात कुणीतरी काही भाग सिमेंटात बांधून घेतला होता. चुन्यातला चिरा पहारीनं हलवला की सुटा होतो. सिमेंटातला सुटत नाही, तुटतो. कोणता भाग कशात आहे हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, म्हणून सगळीकडं सारखाच जेसीबी फिरला. चांगला माल असा भरावात गेलेला बघून जीव तुटतो.

पहिली चूक हीच. नोंदीत माल काय आणि किती ते असतं, कसा जोडलाय ते नसतं. नेदरलँड्समध्ये २०१७ पासून चालणाऱ्या ‘मडास्टर’ नोंदवहीत प्रत्येक वस्तू कुठं बसवली आहे आणि ती सुटी होईल का, हेही बघतात. आपल्याला एक्सेलची साधी शीट पुरे. त्यात एक रकाना वाढवा: चुना, सिमेंट, खिळा, स्क्रू की वेल्डिंग?

नोंदच नसेल तर प्लास्टर वीतभर खरवडून सांध्यात खिळा ओढा. चुना बहुधा भुगा होऊन पडतो, सिमेंटावर नुसता ओरखडा उठतो. प्रत्येक भिंतीची दोन-तीन ठिकाणं तपासा, दुरुस्तीचा भाग त्यातूनच सापडतो. तुळईची टोकं भिंतीत असतात, वाळवी बहुधा तिथूनच लागते. टोकं बघितल्याशिवाय ‘चांगली’ असं लिहू नका.

फोटो उशिरा काढणं ही दुसरी चूक. स्लॅब ओतल्यावर सळी दिसत नाही. ओतण्याआधी मापाची टेप लावून फोटो घ्या, सळीवरचा ‘एफई ५००’ किंवा ‘५५०’ हा ताकदीचा शिक्का वाचता आला पाहिजे. ते फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले तर आकार कमी होऊन शिक्का पुसट होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

नावांचा घोळ आपल्या भागात जास्त. मालक कौलं म्हणतो, गवंडी कानडीत हंचु म्हणतो, बिलावर रूफिंग टाइल्स. एकाच वस्तूच्या तीन ओळी झाल्या की मोजणी चुकते. एक नाव ठरवा, बाकीची शेजारी लिहा. घनफूट, ब्रास, मीटर यांचंही तसंच. ब्रास म्हणजे १०० घनफूट, पण फरशीच्या हिशेबात १०० चौरस फूट, म्हणून एकक लिहिल्याशिवाय आकडा टाकू नका.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याचे तंतू श्वासातून गेले तर घातक. ती ओळ लाल करा. असे पत्रे फोडायचेही नाहीत आणि कापायचेही नाहीत.

केंद्राचे बांधकाम-पाडकाम कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत. त्यातली विस्तारित जबाबदारी, म्हणजे कचऱ्याच्या पुनर्वापराचा हिशेब देण्याची सक्ती, २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर आहे. आपल्या दोन मजली घराची नोंद कुणी मागायला येणार नाही, ती आपणच ठेवायची.

शेवटची चूक म्हणजे सगळं एकाच फोनमध्ये किंवा कुठल्यातरी ॲपमध्ये ठेवणं. फोन बदलतो, ॲप बंद पडतं, घर विकलं जातं. आमच्या नव्या घराची तीन पानं छापून मी पंचायतीच्या फॉर्म ९ आणि ११ च्याच, म्हणजे मालमत्तेच्या उताऱ्यांच्या, फायलीत लावली आहेत. नकाशावर प्रत्येक भिंतीशेजारी एकच शब्द आहे: चुना किंवा सिमेंट.