न्यूरोची केस येणार असेल तर आधी काय काय तयार ठेवायचं

आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात नवीन इंटर्न पोरं विचारतात की सर न्यूरोला, म्हणजे मेंदू-मणका-नसांच्या तपासणीला, कोणता हॅमर (रिफ्लेक्स बघायची छोटी हातोडी) घेऊ, म्हणून हे लिहितोय, कारण हॅमर ही शेवटची गोष्ट आहे.

तयारी फोनवरच सुरू होते. मालक सांगतो "डॉक्टर, मागून गेलाय हो" (म्हणजे कुत्र्याचे मागचे पाय चालत नाहीत), तेव्हा त्याला म्हणायचं आधी घरात चालतानाचा व्हिडिओ काढा, फिट येत असेल तर फिटचा काढा, कारण क्लिनिकमध्ये आलं की तेच कुत्रं घाबरून शहाण्यासारखं वागतं. उठताच येत नसेल तर फळीवर झोपवून, बांधून आणा. आमच्याकडे नाशिकला सिडकोतून लोक ॲक्टिव्हावर दोघांच्या मध्ये दाबून आणतात, मणक्याला मार असेल तर उरलंसुरलं रस्त्यातल्या खड्ड्यात जातं. आणि येताना कुणाकडून गुंगीचं इंजेक्शन देऊन आणू नका हे दोनदा सांगा, नाहीतर प्राणी सुस्त आहे तो आजाराने की औषधाने हे कळायला मार्ग नाही.

त्याच फोनवर विचारून घ्यायचं, एकदम झालं की हळूहळू, गोचीड आहेत का, रेबीजची लस कधी दिली. आणि निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडचा असेल तर बागेत फवारणी कधी झाली ते विचाराच, लाळ गळतेय, अंग थरथरतंय, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात म्हटल्यावर ते मणक्याचं नसतं, फवाऱ्याचं विष असू शकतं आणि तिथे न्यूरो एक्झाम करत बसायला वेळ नसतो.

लसीचा पत्ता नसेल आणि प्राण्याला गिळता येत नसेल किंवा खालचा जबडा लोंबत असेल तर ग्लोव्हज घाला आणि तोंडात हात घालू नका, घशात हाड अडकलंय असं मालक कितीही म्हणो. तुमची स्वतःची रेबीजची लस झालेली पाहिजे, हे यादीत पहिलं लिहायला हवं होतं खरंतर.

आता फरशी. हसू नका. गंगापूर रोडचा एक लॅब्राडोर आला होता, आमच्या गुळगुळीत टाइल्सवर चारही पाय चार दिशेला, मी थाटात 'अटॅक्सिया' (नसांच्या बिघाडाने चालीचा तोल जाणं) लिहून टाकलं, बाहेर गल्लीतल्या डांबरावर चालवला तर सरळ चालला, थोडा लंगडत होता इतकंच. तेव्हापासून आम्ही गोठ्यात घालतात ती रबर मॅट आणून ठेवलीय.

सामान म्हणाल तर चांगल्या उजेडाची टॉर्च (सेल संपत आलेली नको, त्याने बाहुली नीट आकसत नाही आणि आपण नर्व्हला दोष देतो), कापसाचे बोळे, एक आर्टरी फोर्सेप (कात्रीसारखा चिमटा, बोट दाबायला), हॅमर, आणि कागद. कापूस डोळ्यासमोर टाकायला, पडताना आवाज होत नाही म्हणून. हात डोळ्यासमोर आणून पापणी मिटते का बघताना वारा लागू देऊ नका, आणि पिल्लू साधारण १०-१२ आठवड्यांच्या आतलं असेल तर ते मिटणारच नाही, ते शिकायचं असतं त्याला, आंधळं म्हणून लिहू नका.

क्रम आधीच कागदावर छापून ठेवा. आधी हात न लावता बघायचं, भान, उभं राहणं, चाल, मान वाकडी आहे का. निम्मं तिथेच कळतं. मग पंजा उलटा ठेवून तो सरळ करतो का, एका पायावर उड्या, मग डोक्याच्या १२ जोड्या नर्व्ह, मग आडवं करून गुडघ्याचा रिफ्लेक्स, तो ० ते ४ मध्ये मांडतात आणि २ म्हणजे नॉर्मल. मणके दाबून बघणं आणि संवेदना बघायला बोटाला चिमटा हे शेवटी, एकदा दुखलं की पुढे कुणी हात लावू देत नाही. अपघाताची केस असेल तर मान वाकवून बघायचीच नाही.

चिमट्याचं मी स्वतः खाल्लेलं आहे. बोट दाबलं, पाय मागे ओढला, मी मालकाला खुशीत सांगितलं की संवेदना आहे. सिनिअर म्हणाले, त्याने वळून बघितलं का? ओरडला का? नाही. पाय ओढणं पाठीच्या कण्यातल्या कण्यात होतं, मेंदूला पत्ताही नसतो. म्हणून आर्टरी लावताना पायाकडे नाही, तोंडाकडे बघायला एक माणूस ठेवा. आणि जो चालतोय त्याला ते करूच नका, उगाच छळ.

एक्स-रेची चिठ्ठी लिहायच्या आधी जागा लिहायची. पुढचे पाय ठीक, मागचे कमजोर पण रिफ्लेक्स शाबूत किंवा जास्त, तर टी३ ते एल३ (पाठीच्या कण्यात टी म्हणजे छातीचा भाग, एल म्हणजे कमरेचा); मागचे ढिले, रिफ्लेक्स गेलेले, तर एल४ ते एस३ (एस म्हणजे कमरेच्या मागचा, शेपटीआधीचा भाग). नुसतं 'स्पाइन' लिहून पाठवलं की एक्स-रेवाला फोन करून विचारतो, नेमकी कुठली, आणि तेव्हा कुत्रं तिकडे टेबलावर असतं.