डेलोस पहिल्याच दिवशी उरका

पासपोर्ट, शेंगेन व्हिसा, विमा हे सांगत बसत नाही. ग्रीसमधल्या मिकोनोस बेटावर पोचलात म्हणजे ते झालेलंच असणार. तिथून डेलोस, म्हणजे प्राचीन अवशेषांचं बेट, बोटीने अर्ध्या तासावर, आणि तिथेच पहिल्या खेपेला माझी फजिती झाली.

डेलोस शेवटच्या दिवसावर टाकू नका. मी टाकलं होतं. आधी पोहणं, गल्ल्या, पवनचक्क्या, मग निवांत इतिहास! जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी वारा सुटतो. आपल्याकडे मांडव्याच्या लाँच बंद म्हणजे ढग, पाऊस, सगळा देखावा. इथे आभाळ निळंशार, ऊन कडकडीत, आणि जुन्या बंदरावर तिकिटाच्या खिडकीला हाताने लिहिलेला कागद: आज बोट नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे विमान. म्हणून सांगतो, एक दिवस मोकळा ठेवा. पहिल्या दिवशी वारा नडला तर दुसरा हाताशी हवा.

बेटावरच एक रात्र काढू, असं डोक्यात असेल तर विसरा. इ.स.पूर्व ४२६ च्या सुमारास अथेन्सवाल्यांनी इथली थडगी उकरून शेजारच्या रेनिया बेटावर हलवली आणि डेलोसवर कोणी जन्मायचं नाही, मरायचं नाही, असं फर्मान काढलं. आजही पर्यटकांना मुक्काम करता येत नाही.

पाणी, टोपी. टोपीला दोरी हवी, किंथोस टेकडीच्या माथ्यावर वारा ती उडवतो. टेकडी जेमतेम ११२ मीटर, सिंहगड चढणाऱ्याला काहीच नाही, पण सावली औषधालाही नाही. चपला नकोत, वाटेतले दगड हलतात आणि त्यांवरून सरडे सळसळतात.

थोडं वाचून जा, नाहीतर नुसते दगड दिसतील. ग्रीक देव अपोलोचं जन्मस्थान, एवढ्यावर भागत नाही. इ.स.पूर्व ४७८ च्या, ग्रीक नगरराज्यांच्या अथेन्सप्रणीत संघाचा खजिना इथे होता. ४५४ मध्ये अथेन्सने तो स्वतःकडे नेला. १६६ मध्ये रोमने बंदर करमुक्त केलं आणि बेट व्यापाऱ्यांनी, गुलामांच्या बाजाराने गजबजलं. डायोनिससच्या घरातल्या जमिनीवर बारीक रंगीत खड्यांचं चित्र आहे, पंख असलेला देव वाघावर बसलेला. ते बघितलं की त्या पैशाचा अंदाज येतो. ८८ मध्ये रोमचा शत्रू राजा मिथ्रिडेटीस याच्या फौजेने लूट केली, मग चाच्यांनी. संपलं.

बाकी भरभर. नॅक्सोस बेटवाल्यांनी दिलेले संगमरवरी सिंह बाहेर दिसतात त्या प्रतिकृती, मूळचे संग्रहालयात. पवित्र तळं शोधू नका, मलेरियामुळे १९२५ च्या सुमारास बुजवलं; खूण म्हणून खजुराचं झाड आहे. खायला बरोबर न्या. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारा.

आणि विमानाचं तिकीट काढण्याआधी तारखा पुन्हा बघा. डेलोसच्या दिवसानंतर मिकोनोसमध्ये आणखी एक अख्खा दिवस उरतोय का? नसेल तर परतीची तारीख पुढे ढकला.