शाळेसाठी स्पर्धेतून अनुदान मागताय? या चुका टाळा

“सर, आमच्या शाळेची गरज खरी होती, तरी नाव आलं नाही.” असं सांगणारे मुख्याध्यापक मला दरवर्षी भेटतात. गरज खरीच असते, त्यांची कळकळही खरी. पण स्पर्धेच्या योजनेत कशाला किती गुण द्यायचे हे सरकारने अर्ज मागवायच्या आधीच ठरवलेलं असतं. ते न वाचता लिहायला बसणं, इथूनच बहुतेक प्रस्ताव घसरतात.

यू-डायसची माहिती जुनीच ठेवणं

यू-डायस म्हणजे प्रत्येक शाळेने दरवर्षी सरकारी पोर्टलवर भरायची स्वतःची माहिती. पीएम श्री या, निवडक सरकारी शाळा आदर्श बनवायच्या केंद्राच्या योजनेचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती मंजूर केली. देशभरातल्या १४,५०० हून जास्त शाळा, पाच वर्षांचा खर्च २७,३६० कोटी रुपये. आधी राज्याने केंद्राशी करार करायचा. मग यू-डायसच्या माहितीवरून किमान निकषांत बसणाऱ्या शाळांची यादी निघणार आणि त्याच शाळांनी अर्ज भरायचा. म्हणजे तुम्ही पेन हातात घेण्याआधीच चाळणी झालेली असते. पक्की इमारत, रॅम्प, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, हात धुण्याची सोय, वीज, निदान एक वाचनकोपरा, हे सगळं त्या चाळणीत येतं.

एका शाळेत मी स्वतः पाहिलं. दारात चांगला सिमेंटचा रॅम्प, कडेला लोखंडी कठडा. यू-डायसमध्ये मात्र ‘रॅम्प नाही’. माहिती भरणाऱ्या गुरुजींनी मागच्या वर्षीची प्रिंट समोर ठेवून तेच आकडे पुन्हा भरले होते. त्यांना दोष देऊन काय उपयोग? वर्ग सांभाळून रात्री बसून केलेलं काम ते. उपाय सोपा आहे: प्रिंट हातात घेऊन शाळा व्यवस्थापन समितीच्या दोघांसोबत शाळेभर फिरा आणि समोर दिसेल तेच भरा.

स्पर्धा कोणाशी हे न पाहणं

पीएम श्रीत ग्रामीण शाळेला किमान ६० टक्के आणि शहरी शाळेला ७० टक्के गुण लागतात. पण एका तालुक्यातून जास्तीत जास्त दोनच शाळा घेतल्या जातात, एक प्राथमिक आणि एक माध्यमिक. त्यामुळे ६५ टक्के मिळूनही नाव नसेल, तर शेजारच्या गावातली शाळा पुढे गेली असेल का, ते आधी तपासा.

सरकारला हवं ते सोडून आपल्याला हवं ते लिहिणं

अमेरिकेत २००९ मध्ये ‘रेस टू द टॉप’ नावाची, शिक्षणाच्या अनुदानासाठी राज्यांची स्पर्धा निघाली. एकूण ५०० गुण. त्यातले १३८ गुण शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या कामाला, तर मागे पडलेल्या शाळा सावरायला ५०. सरकारचा कल कुठे आहे ते एवढ्यावरून कळतं. विज्ञान-गणितावर भर दिला तर १५ गुण होते, पण मिळाले तर सगळे, नाहीतर शून्य. असे गुण शेवटी विज्ञानावर एक परिच्छेद जोडून मिळत नाहीत. तो विषय प्रस्तावभर दिसावा लागतो.

जोडपत्रं न तपासणं

याच स्पर्धेत २०१० मध्ये न्यू जर्सी राज्याचं नाव अवघ्या ३ गुणांनी हुकलं. प्रश्नात २००८ आणि २००९ च्या शिक्षणखर्चाची तुलना मागितली होती, जोडली गेली २०१० आणि २०११ ची. त्या एका पानाने ४.८ गुण गेले आणि सुमारे ४० कोटी डॉलर हातचे गेले. शेकडो पानांच्या अर्जातली एक चूक, पण शिक्षण आयुक्तांना पद गमवावं लागलं.

म्हणून शेवटची तपासणी प्रस्ताव लिहिणाऱ्याने करू नये. त्याला स्वतःची चूक दिसतच नाही. एका शाळेत आम्ही हे काम समितीतल्या एका पालक ताईंना दिलं. एका हातात प्रश्नांची यादी, दुसऱ्या हातात फाईल. तासाभराने त्या म्हणाल्या, “सर, इथं तीन वर्षांची पटसंख्या मागितलीय. आपण दोनच वर्षांची लावलीय.”